दुबईहून थेट शाळेत

करोनात मी दुबईहून घरी कसा आलो ते ऐका, पण हसू नका. विमानात जागा मिळावी म्हणून वकिलातीत रोज फोन करून रडलो, "साहेब, मले घरी जाच आहे." अखेर नंबर लागला. वाटलं, गावी अनसिंगात लोकं आपल्याले हार घालतीन.

गावात पोचलो तं सरपंच तोंडाले रुमाल बांधून उभे. त्यायनं घरी जाऊच देलं नाही, विलगीकरण म्हणून सरळ शाळेत कोंडलं. वर्गही तोच, ज्याच्या खिडकीतून मी लहानपणी रोज पळून जाचो.

संध्याकाळी त्याच खिडकीपाशी माय डबा घेऊन आली. मले आत बसलेला पाहून म्हणे, "लेका, तवाच असा शाळेत बसला असता, तं दुबईले कायले जा लागलं असतं?"