फ्रादीचा एक्स-रे

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही जेरुसलेममधल्या एका दवाखान्यात एक्स-रेच्या रांगेत उभे आहात. सर्वांत पुढे फ्रादी आणि तिची आई. त्यांच्या मागे शेइंडलकाकू. काकू लग्नं जुळवतात, आणि फ्रादीच्या ताईचं स्थळ सध्या त्यांच्याच हातात आहे.

“मनगटाचा एक्स-रे. सात वर्षांची ना?” खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

“बारा. आणि एक्स-रे नको,” आई म्हणाली.

“उंची का वाढत नाही, ते बघायला डॉक्टरांनी लिहिलाय.”

“ते नवीन आहेत. रद्द करा.”

“कारण?”

“तिला चालत नाही.”

“एक्स-रे सगळ्यांना चालतो, बाई.”

“काढून टाक की एकदाचा,” काकू मागून म्हणाल्या. “आणि पोरीला नीट खायला घाल. गालांवर चट्टे बघ उन्हाचे. टोपी घेऊन दे.”

“टोप्या चार आहेत, काकू.”

“मग एवढी का अडून बसलीस? घरात काही आजार तर नाही ना?”

“छे, कसला आजार.”

“मग हिला आत पाठवा,” खिडकीतल्या बाई वैतागल्या.

एक्स-रेने फ्रादीला असलेला कॅन्सरचा धोका वाढणार होता, आणि तिच्या आनुवंशिक आजाराचं नाव निघालं तर ताईचं स्थळ जाणार होतं.

फ्रादी टाचा उंचावून खिडकीशी उभी राहिली. “मला ब्लूम सिंड्रोम आहे, जन्मापासून. त्यात उंची वाढत नाही, ऊन सोसत नाही आणि एक्स-रेही बाधतो. म्हणून एक्स-रे नको.” मग ती मागे वळली.

“काकू, नाव पुन्हा सांगते. पुढे सांगताना चुकायला नको.”

आणि तिने ते सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.