दहा हजार एक बत्ताशांची वाटणी

मंडळी, मला एवढंच सांगा — वाटणी जुळत नाही, तेव्हा चुकलेलं कोण असतं? आकडा, की वाटणारा? माना डोलावू नका, उत्तर तुम्हाला माहीत नाही! ऐका.

सोनगिरवाडीचे हैबतराव. एकुलती लेक पारू तापानं फणफणली, डोळा उघडेना. हैबतराव देवीपुढे आडवे पडले — "आई, पोर उठू दे! दहा हजार एक बत्तासे वाहीन, घराघरांत सारखे वाटीन, एकही उरू देणार नाही!" आता दहा हजार पुरे नव्हते? पण आपल्याला वरचा एक लागतोच! आहेरावर एक, वर्गणीवर एक. देवीला सुटे आवडतात, हे कुणी सांगितलं कोण जाणे!

पोर उठली. बत्तासे वाहिले. हैबतराव वाटायला बसले. घरं बहात्तर. घरटी एकशे अडतीस — उरले पासष्ट! बरं, घरं राहू द्या, आळ्या धरू. आठ आळ्या — एक उरला! सात देवळांत ठेवू — पाच उरले! नवांनी भागलं, दोन. अकरांनी भागलं, दोन! उरलेले तोंडात टाकावेत, तर नवसाचे! तेवढ्यात आत पारू शिंकली. नुसती शिंकली हो! यांचे हातपाय गार.

शाळेतल्या गुरुजींना बोलावलं. गुरुजींनी पाटी भरली, पुसली, भरली. म्हणाले, "आकडा हट्टी आहे. सगळे एकाच घराला द्यायचे नसतील, तर दोनापासून बहात्तरापर्यंत कुणालाच दाद देत नाही. त्र्याहत्तर घरं असली, तर घरटी एकशे सदतीस, बाकी शून्य. किंवा एकशे सदतीस घरं शोधा, घरटी त्र्याहत्तर. तिसरी सोय म्हणजे दहा हजार एक घरं, घरटी एकच!"

"एवढी घरं आणू कुठून?"

हैबतरावांची बायको राहीबाई चुलीपाशी होती. म्हणाली, "त्र्याहत्तर आहेत की. ओढ्यापलीकडचं भाऊजींचं घर तुम्ही धरत नाही."

भाऊजी म्हणजे कोण? खंडेराव! हैबतरावांचा सख्खा धाकटा भाऊ! बांधावरून भांडले, तेव्हापासून "तो मला मेला" म्हणून बसलेले. मेलेला माणूस रोज समोरून म्हैस घेऊन जातो — तरी मेलेलाच!

हैबतरावांनी पुन्हा एकदा बहात्तरानं भागून पाहिलं. हसू नका! पासष्टच उरले.

शेवटी उठले. एकशे सदतीस बत्तासे उपरण्यात बांधले, ओढा ओलांडला. खंडेराव दारातच उभा.

"नवसाचे आहेत," हैबतराव खाली बघत म्हणाले. "सगळ्यांना सारखे."

खंडेरावानं उपरण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दादा, पारू जेवायला लागली का रे? रोज ओढ्यापर्यंत यायचो... आणि परत फिरायचो."

हैबतराव उंबऱ्यावर मटकन बसले आणि लहान पोरासारखे रडले.

आता तुम्ही! थोड्या वेळानं प्रसाद वाटायला तुम्हीच उठणार. कुणाच्या पुढ्यातून ताट चटकन सरकवायचं, ते नाव आत्ता मनात आलं ना? आलंच! तो बघा, खांबाशी बसलाय. अहो, सगळे एकदम मागे वळू नका! उठा, त्याच्याशी एक शब्द बोलून या. तोवर आरती थांबेल.