उलटीची सुई

बसा ना वामनराव भाऊजी, उठता काऊन — आलेच तं पुरं आयकून जा. मेथीच्या जुड्या बांधता बांधता बोलतो मी, उद्याचा बजार हाय, अन् हात थांबले का डोकं फिरते माह्यं. काय म्हनलं तुमी? सारखं झालं? तुमच्या भावाचा जबडा म्या फोडला, तो नळीनं दूध पिऊन राह्यला, अन् माही सून दवाखान्यातून घरी आली, म्हनजे दोघांचं सारखं झालं — तुमी तुमची फिर्याद मागं घ्या भागाबाई, आमी आमची घेतो — असंच ना? गोड बोलता तुमी, गावातले मोठे मानूस. पन सारखं कसं झालं, सांगा बरं. बाबारावचा जबडा डॉक्टरनं तारेनं बांधला, तो जुळून येईन. तेजूच्या मानेवर उलथन्याचा डाग हाय, तो कोनता डॉक्टर पुसते? रात-दिवस पदर ओढून बसते पोरगी. आरशाकडं पाठ करून येनी घालते.

तुमी ओट्यावर होता त्या दिवशी, पन सुरवातीपासून नव्हता. सुरवात एका लग्नाच्या जेवनातून झाली. तेजूले उलट्या लागल्या, पानी पोटात ठरेना. माह्या लेकानं, कुलदीपनं, गोपालले बोलावलं — तोच तो, आरएमपी, बिनडिग्रीचा डॉक्टर, मोटारसायकलवर सुया घेऊन फिरते. त्यानं उलटीची सुई दिली. संध्याकाळी पोरगी पुन्हा ओकली, तं पुन्हा तीच सुई दिली अन् निंगून गेला — काय दिलं, काय होईन, कोनाले काई सांगतलं नाई, तिले काई इचारलं नाई. उलट्या थांबल्या, हे खरं हाय. सुईले म्या वाईट नाई म्हनत, भाऊजी. पन तिले असी झापड आली, अन् मागच्या दारी जाले उठली तं पान्याच्या ड्रमापाशी धाडकन पडली. आमी म्हनलं, अशक्तपना हाय. सकाळी म्हने, आई, जीभ जड लागून राह्यली. म्या म्हनलं, साखर-मिठाचं पानी पी — अन् वांग्याची पाटी डोक्यावर घेऊन मी गुडीहत्नूरच्या बजारात गेली. माल तोडून ठेवला होता, काय करतो?

तिकडं मी वांगे इकून राह्यली, अन् इकडं पोरीची मान फिरली. हनुवटी खांद्यावर चढली, जबडा वाकडा होऊन आकडला, जीभ बाहेर, अन् डोळे — डोळे वर छपराले जाऊन चिकटले, खाली येतच नव्हते. घशातून नुसता घरघर आवाज. अन् आतून शुद्धीवर होती ती, पुरी शुद्धीवर! सगळं आयकू येत होतं तिले, नुसतं बोलता येत नव्हतं. पन लोकायनं काय पायलं? लोकायनं भूत पायलं. कोनीतरी म्हनलं, लग्नातून मागं लागलं, बाबारावले बोलावा, त्याच्या अंगात देव येते. देव! देवानं आल्या आल्या तिचे केस हाताले गुंडाळले अन् आंगनात ओढत आनली. मिरच्यांचा धूर दिला. साखळीनं मारलं — पाठीवर, मांड्यावर, पोटावर. 'बोल, कोन हायस तू? कोठून आलीस?' — अन् तिचा जबडा आकडलेला, ते बोलीन कसी? नाई बोलली म्हनून आनखी मार. मग चुलीत उलथनं तापवलं. मोबाईल काढून उभे होते पोट्टे. तुमी पान लावून राह्यले होते, भाऊजी. नाई म्हनू नका, माह्या डोळ्यानं पायलं.

हो, तवा मी आली ना. ऑटोतून उतरली तं कातडी जळाल्याचा वास आला, अन् मग तो आवाज — मानसाचा नाई, गाईचा नाई, कायचाच नाई. एक डाग देऊन झाला होता, दुसऱ्यासाठी तुमचा भाऊ उलथनं पुन्हा जाळात धरून बसला होता. माह्या पाटीत तराजू अन् वजनं होते. दोन किलोचं वजन हातात आलं ते मी उचललं का त्यानं मले उचललं, मले नाई सांगता येत. हानलं. तोंडावर हानलं. दात चुलीत जाऊन पडले त्याचे. तो पालथा झाला तं पाठीवर बसून आनखी हानलं, खांद्यावर, कानापाशी — हो, ठान्यात हे नाई सांगतलं म्या, तुमाले सांगतो — मी त्याले मारूनच टाकनार होती. हात जोडले त्यानं. हात जोडले म्हनून नाई थांबली मी. तेजू कुत्र्यावानी अंग वळवून मातीत पडली होती, ते दिसलं, म्हनून थांबली. नाईतं आज तुमी फिर्याद मिटवाले नसते आले, तेराव्याचं जेवाले बोलवाले आले असते.

आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तेलुगू डॉक्टरीन होती, तरनीताठी. तिनं मान पायली, डोळे पायले, अन् पयला प्रश्न — कोनती सुई दिली हिले? मी म्हनलं, उलटीची. म्हने, नाव पाह्यजे, किती दिली ते पाह्यजे. गोपालले फोन लावला. आधी म्हने, ताकदीची होती काकू. म्या म्हनलं, गोपाल, एकाचा जबडा फोडून आली मी, खोटं बोलशीन तं परत येतो गावात. तवा रडत रडत औषधाचं नाव सांगतलं — एकच औषध, दोनदा. डॉक्टरीननं दुसरी सुई दिली, पयल्या सुईची काट करनारी, अन् मले म्हने, भयपडकम्मा, भिऊ नको. खाटेपाशी बसून राह्यली मी. हळूहळू डोळे खाली आले, भाऊजी. मग जबडा सैल झाला. मग मान — असी, थोडी थोडी करून, आपल्या जाग्यावर आली. बाबारावच्या साखळीनं, धुरानं, उलथन्यानं नाई आली ते त्या बारीक सुईनं आली. अन् पयला शब्द काय बोलली माही सून? म्हने, 'आई, मी भूत नाई.'

डॉक्टरीन म्हने, औषध वाईट नाई. उलटीले देतात, अन् डोकं फिरलेल्या, मारझोड करनाऱ्या पेशंटले शांत करालेबी हेच देतात. आयकलं का? येड्याले शहानं करनारी सुई, तिनं माह्या शहान्या पोरीले येडं दाखवलं. म्हने, तरन्या पोरीयले कधी कधी असी मान आकडते. म्हनून देनाऱ्यानं आधी इचारा लागते — दुसरं औषध काय चालू हाय, आधी असं झालं का. जास्त द्या लागत नाई. दिल्यावर निजवून ठेवा लागते, एकदम उठवा नाई, चक्कर येऊन पडते मानूस. अन् मान, जबडा, डोळे वाकडे झाले का घरात बसू नका, तसंच दवाखान्यात आना. बस. एवढं गोपालनं सांगतलं असतं तं ऑटो बोलावला असता कोनी. म्हनून त्याच्यावरबी फिर्याद हाय माही, फक्त तुमच्या भावावर नाई. औषधाचं नाव आता तेजूले पाठ हाय. दवाखान्यात गेली का पयले सांगते, हे मले चालत नाई म्हनून.

काय? बाबारावनं एकट्यानं केलं का? नाई, एकट्यानं कसं करीन — तरनी पोरगी, तडफडत होती, पळालीच असती ते. मागून हात धरून ठेवले होते ना तिचे, असे पिरगाळून, गुडघा पाठीत रोवून — अन् रडत होता माहा लेक, नाकातोंडातून पानी वाहत होतं, तरी सोडत नव्हता —

नाई. म्या लेक कोठं म्हनलं?

म्हनलं का. बरं, म्हनलं. हो, कुलदीप. नवराच होता तिचा. भेला होता, भाऊजी, असा भेला होता — बायको गेली, तिच्यात दुसरंच कोनी आलं, असं वाटलं त्याले. एक शब्द नाई बोलला. म्हनून तिले ठाऊक नाई. डोळे वर गेले होते तिचे, मागचं कोन ते दिसलं नाई. दवाखान्यात मले इचारलं तिनं, आई, माह्ये हात कोनं धरले होते? म्या म्हनलं, बाबारावचा कोनी चेला असन. अन् हा रोज सफरचंद घेऊन येते, चिरून खाऊ घालते, डागावर मलम लावते. तेजू म्हनते, आई, किती करते हे माह्यं. मी तिकडं तोंड करून भांडे घासत राह्यतो.

आता कसे सरसावून बसले तुमी! म्हनजे आता भाव ठरला. फिर्याद मागं नाई घेतली तं तुमी ठान्यात जाऊन कुलदीपचं नाव सांगसान. एकुलता एक हाय, जेलात जाईन, सून माहेरी जाईन, म्हातारपनी तुमचं कोन हाय भागाबाई — सगळं खरं हाय तुमचं, वामनराव. रोज रात्री मी हेच —

तेजू?

कवाची उभी हाय तू दारात?

... हो. तोच होता. माह्या पोटचा. म्या लपवलं तुह्यापासून.

रडू नको म्हनत नाई मी तुले. पन चप्पल काऊन घालून राह्यली? कोठं निंगाली? ... ठान्यात. बरं. थांब, एकटी नको जाऊ, मीबी येतो. नाव मी सांगतो, म्या पायलं हाय.

उठा, वामनराव. मले दाराले कडी लावाची हाय. अन् कुलदीप दिसला रस्त्यात तं त्याले सांगा, दोघी ठान्यात गेल्या म्हनून.