द्या काय द्यायचं ते!

...आणि वर म्हणते कशी, "वहिनी, दोनच तर टाके आहेत!" अहो, दोन टाके? पँट आखूड करायची म्हणजे आधी जुनी शिवण उसवा, धागे वेचा, इस्त्री फिरवा, खूण करा, कापा, दुमडा, पुन्हा इस्त्री, मग मशीनवर घ्या, तेवढ्यात धागा तुटतो, तो जिभेवर ओला करून परत सुईत ओवा, आणि एवढं सगळं झालं की नणंदबाईंच्या हिशोबी दोन टाके! तुम्हाला सांगते, बावीस वर्षं मी घराच्या पुढच्या खोलीत बसून लोकांचे कपडे लहान-मोठे करतेय, चेन बदलतेय, अस्तरं लावतेय, आणि या बावीस वर्षांत मला एक वाक्य कधी धड बोलता आलं नाही. कुठलं? "याचे इतके होतील." बस्स, एवढंच! गिऱ्हाइकाने विचारलं, "किती झाले?" की माझी मान खाली, नजर पायाच्या अंगठ्यावर, आणि तोंडातून काय निघणार? "द्या हो काय द्यायचं ते!"

आणि लोक द्यायचे की! काय द्यायचं ते! एकीने हाताला लावायच्या क्रीमची अर्धी ट्यूब दिली. एकाने गेल्या वर्षीचं कॅलेंडर दिलं, मागची बाजू कोरी आहे म्हणे, मापं लिहायला होईल. आणि बँकेतले कॅशिअरसाहेब, जे काचेच्या आड बसून दिवसभर दुसऱ्यांचे पैसे दोन-दोनदा मोजतात, त्यांनी कोटाचं अख्खं अस्तर बदलून घेतलं आणि मला काय दिलं? आशीर्वाद! माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत हो ते!

मग महिनाअखेरीला मी बसायची बोटं मोडत. महागाईच्या नावाने, तयार कपड्यांच्या दुकानांच्या नावाने, आमच्या ह्यांच्या पगाराच्या नावाने... हे टपाल कचेरीत शिक्के मारतात. कुणीच सापडलं नाही तर हवामान होतंच, ढगाळ हवेत लोकांना पँट आखूड करायचं सुचत नाही म्हणून! दोष कुणाचा? तर सगळ्या जगाचा! मी सोडून सगळ्यांना त्यात वाटा होता.

आणि मग एके दिवशी मशीनने मान टाकली. घुर्र्र करून एक आवाज, जळका वास, आणि शांत. मेकॅनिक आला. पिकल्या मिशांचा, बोलायला महाग माणूस. झाकण उघडलं, फुंकर मारली, दोन स्क्रू फिरवले, तेल सोडलं, झाकण लावलं. मी विचारलं, "किती झाले?" तो म्हणाला, "तीनशे." अहो, कुणी किती वाजले ते सांगावं ना, तसं! आवंढा नाही, खाकरणं नाही, अंगठ्याकडे बघणं नाही. आणि माझ्या तोंडून काय निघालं माहितीये? "तीनशे? अहो, दोनच तर स्क्रू फिरवलेत!" बोलले आणि जागच्या जागी थिजले. माझ्या तोंडून नणंद बोलली हो! त्याने हात पुसले, मिशीसुद्धा हलली नाही, पुन्हा तेवढंच, "तीनशे." मी मुकाट दिले. जाताना दारातून म्हणाला, "मोटर चार महिने काढेल. फार तर. मग नवीन घ्या, अठरा हजाराला येईल."

अठरा हजार! नाहीतर काय? नाहीतर पुढची खोली बंद, आणि नाक्यापलीकडच्या कपड्यांच्या कारखान्यात बाराव्या रांगेत बसून सकाळपासून संध्याकाळपर्यंत डावे खिसे जोडायचे. उजवे तेराव्या रांगेत! मला धडकीच भरली. हे पेन्सिल घेऊन बसले, म्हणाले, "या आठवड्यात किती कपडे केलेस?" एकतीस. "पैसे कितींचे आले?" नवांचे. "मग बाकीच्या बावीसांचं काय झालं?" मी म्हटलं, "त्यांनी दिलं ना, काय द्यायचं ते..." ह्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. रागावले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं! मग मला रडू आलं. कारण त्या बावीसांपैकी एकाने तरी म्हटलं होतं का, की मी देणार नाही? मी भाव सांगितलाय आणि कॅशिअरसाहेब पळून गेलेत, असं झालं होतं का? मी सांगितलाच नव्हता! दोष कुणाचा? माझा! अख्खा माझा, कुणाला तुकडाही देणार नाही! आणि खरं सांगू, डोळे पुसले आणि इतकं हलकं वाटलं हो! महागाई काही माझं ऐकायची नाही. पण मी माझं ऐकेन की!

ऐकेन म्हटलं खरं... आरशासमोर उभी राहिले, ताठ, आणि म्हटलं, "ऐंशी." आरशातल्या बाईचा चेहरा असा पडला हो, की मी म्हटलं, बरं, साठ द्या! मग ह्यांना गिऱ्हाईक केलं. हे स्वतःची पँट घेऊन बाहेर गेले, बेल वाजवली, "काय हो बाई, ऐंशी? पलीकडे चाळीसमध्ये करून देतात!" आणि पाच मिनिटांत मी ह्यांना पँट फुकट, वर चहा, आणि पुढच्या वेळी शर्टाची कॉलर उलटून द्यायचं कबूल करून बसले! हे कपाळाला हात लावून म्हणतात, "अगं, मी तर हरायला आलो होतो!"

पण मी काही हरले नाही. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात भाव लिहिले, पँट ऐंशी, चेन पन्नास, अस्तर चारशे. पाटी लावली. कुठे? पडद्यामागे. दोन दिवस ती पाटी फक्त मीच वाचली! तिसऱ्या दिवशी डोळे मिटून दारावर ठोकली. कॅशिअरसाहेब आले, पाटी वाचली, पुन्हा वाचली, खिशात हात घातला, चारशे दोनदा मोजले आणि दिले. दिले! कुणी मेलं नाही, छत कोसळलं नाही!

आणि मग आल्या नणंदबाई. नऊ पँट. "वहिनी, दोनच तर टाके—" मी म्हटलं, "सातशे वीस." आणि तोंड गच्च मिटलं. माझी जीभ आतून नुसती धडका मारत होती, "राहू दे गं, घरातल्या घरात काय"... पण नाही उघडलं तोंड! तिने माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, पर्स उघडली आणि म्हणाली, "मग आधी का नाही बोललीस? मला वाटायचं तुझा विरंगुळा आहे. फुकटात कोण नीट करतंय, म्हणून चांगले कपडे मी चौकातल्या टेलरकडे देते, तुझ्याकडे आपले घरात घालायचे!" बावीस वर्षं! चांगले कपडे चौकात! दोष कुणाचा? थोडा तिचा? मुळीच नाही, माझा! वाटा मागायचा नाही!

साडेतीन महिन्यांत नवं मशीन आणलं. हे म्हणत होते शेवटचे हजार मी घालतो. म्हटलं ठेवा तुमच्याजवळ. अठरा हजार माझ्या हाताने मोजले, माझे, सुईच्या टोकाने मिळवलेले, आणि दुकानातून बाहेर पडताना माझी मान अशी वर होती की पायरीच दिसली नाही.

आता नणंद चांगले कपडे आणते. पण तुम्हाला सांगते, पूर्वी फुकट होतं तेव्हा न बघता "छान, छान" म्हणून पिशवीत कोंबायची, आता खिडकीशी नेऊन एकेक शिवण बोटाने चाचपते! काल कोट परत आणला, "वहिनी, बाहीचा टाका वाकडा आहे. पैसे मोजलेत मी." मी म्हटलं, बघू तरी, आणि बाही उजेडात धरून कारण शोधायला लागले... धागा कच्चा असेल, सुई बोथट असेल, मशीन नवं आहे... आणि एकदम जीभ चावली, दोष कुणाचा? म्हणून तर बसलेय ना आता ही बाही उसवत! आणि सगळ्यात वाईट काय माहितीये? टाका खरंच वाकडा होता हो.