ही पुडी ह्या तापाची नाय

कल्याणच्या दवाखान्याच्या ओट्यावर गंगुबाई रांगेत बसली होती. घरी रतन, तिची पोर, दोन दिवस तापाने फणफणली होती. शेजारणीने नेली तशी हिवतापावरची कोयनेलची पुडी न्यायची, एवढंच तिच्या मनात होतं. पुढे इथल्या जुन्या कंपाउंडरची विधवा, म्हातारी सुझाना, आणि मिठागरावरचा धाकू बोलत होते.

"धाकू, आमच्या घरच्यांना जाऊन सहा वर्सं झाली रे."

"कॉस्मास कंपाउंडर! पुडी देण्याआधी शंभर प्रश्न विचारायचे."

"शंभर नाय, दोनच. थंडी कधी वाजते? घाम येऊन ताप उतरतो का?"

"मी कुडकुडत आलेलो, तरी विचारलंच."

"दिवसाआड हीव भरतं म्हणालास, तवा दिली ना कोयनेल?"

"मला दिली. भावाला नाय दिली. त्याला थंडी नाय, नुसता ताप, न् पायाची जखम चिघळलेली. किती भांडलो मी!"

"ते म्हणाले, ही पुडी ह्या तापाची नाय."

"न् नऊ दिवस स्वतःच्या हातानं जखम धुतली, कार्बोलिकच्या पाण्यानं. पाय वाचला, बाय."

"तो वास घरी यायचा त्यांच्याबरोबर. मी नाक मुरडायची. आता त्यांचा कोट हुंगते, तर कायच येत नाय."

गंगुबाई रांग सोडून उठली आणि औषधाच्या खिडकीशी गेली.

"काय हवंय, बाई?"

"पुडी नको, दादा. माझ्या पोरीला थंडी वाजत नाही. काटा मोडून टाच सुजलीय तिची. उचलून आणते, तोवर दार लावू नका."