जलभऱ्याचा डाग

बोलत राहा म्हणे! बोलायला मी काय कीर्तनकार आहे? चक्कर आली, आली. सकाळपासून पोटात काही नाही, त्यात दंडात लशीची सुई, येणार नाही तर काय होणार? आणि त्या नर्सबाईनं तुला बरोबर पकडलं — मराठी येतं ना, मग बस आजोबांपाशी, पंधरा मिनिटं बोलतं ठेव, डोळे मिटू देऊ नको. असंच म्हणाली ना? मला इंग्रजी येत नाही, पण माझ्याबद्दल कोण काय बोललं ते मला कुठल्याही भाषेत कळतं. या बिल्ल्यावर नाव आहे ते काय — मयूरा? पुण्याची? वाटलंच मला. बसल्या बसल्या पहिला प्रश्न काय, तर आजोबा, शर्ट छान आहे, कुठे घेतला. घेतला नाही. दिलाय. कुणी दिला, का दिला, ते काही मला सांगायचं नाही. सहा वर्षं कुणाला सांगितलं नाही, ते इथं ऑस्ट्रेलियात, डँडेनॉन्गच्या या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सांगू? — अशी बघू नकोस. बरं, दे तो ज्यूस इकडे. सांगतो. पण झाल्यावर मला शहाणपण शिकवायचं नाही, त्यासाठी घरी सून आहे.

मिरजेत माझी लाँड्री होती. चाळीस वर्षं. चौथीतून शाळा सुटली ती बापाच्या भट्टीवर. मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव, तुला माहीत नसेल, गल्लीगल्लीत दवाखाना, आणि त्या सगळ्यांचे पांढरे कोट माझ्याकडे. रक्त, आयोडीन, काय काय लागलेलं असायचं. पांढरं कापड मला विचार. नीळ किती, खळ किती, कॉलर कशी बसवायची — इथं त्या फॉस्टर स्ट्रीटला सगळं मिळतं, फणसाचे गरेसुद्धा डब्यात मिळतात, पण नीळ? दोन दुकानांत विचारली, दोघांनी मला भांडी घासायचा साबण दाखवला. आणि वर नो वरीज. मी इथं आल्याला पंधरा महिने झाले, तीन महिन्यांसाठी आलो होतो, विमानं बंद पडली आणि अडकलो — पण या देशात कुणाला वरी म्हणून नाही बघ. सगळ्या वऱ्या आमच्याच घरात.

तर माझा मुलगा यतिन. इथंच युनीला शिकला, इथंच कारखान्यात लागला, इथंच लग्न केलं — ऑफिसात सह्या करून, आम्ही मिरजेत फोनवर अक्षता टाकल्या. मुलगी पारोमिता. माहेर कुठलं, तर चंदननगर. मी म्हटलं, वा, पुण्याचीच आहे की, खराडीच्या बसनं जाऊन व्याह्यांना भेटून येऊ. रेखाला, म्हणजे माझ्या बायकोला, दोन दिवस सांगत होतो कुठली बस, कुठला स्टॉप. मग यतिन म्हणाला, बाबा, ते नव्हे, हे बंगालमधलं, कोलकात्याच्या वर, नदीकाठी, फ्रेंचांचं होतं. आता मला सांग, इंग्रज होते हे माहीत होतं, हे फ्रेंच कुठनं आले मधेच? — हस, हस. तीही हसली होती.

गेलो जानेवारीत. मी, रेखा, आणि इथनं आलेले हे दोघं. व्याही शाळेत इतिहासाचा मास्तर, रिटायर झालेला, पण शाळा सुटलेली नाही अंगातनं. स्टेशनवरनं थेट नदीवर नेलं आम्हाला. हा रस्ता फ्रेंचांचा, ही बाकं फ्रेंचांची, ते चर्च फ्रेंचांचं, ते घड्याळ, हा गव्हर्नरचा बंगला, आता म्युझियम — मी म्हटलं, मास्तर, सगळं त्यांचंच, तुमचं काय आहे? तर कपाळाला आठी नाही, म्हणाला, मिठाई! जीभ माझी पण ही अशी, त्याची पण तशी, जमलं असतं खरं म्हणजे. म्युझियममध्ये साहेबाचा पलंग दाखवला, मी चादर बघितली, म्हटलं इस्त्री नाही. तो एवढा हसला की पहारेकरी आला बघायला. आणि नदी — आपली कृष्णा बघितलेल्या माणसाला ती नदी वाटतच नाही. पलीकडच्या काठावरचा माणूस मुंगीएवढा. घाटाला होड्या लागलेल्या. रेखा म्हणाली, एकदा बसू या. ती उभ्या जन्मात होडीत बसली नव्हती. मी म्हटलं, आधी जेवण, मग होडी, पळून जातेय का नदी.

घरी तीस माणसं. शंख वाजवले, बायकांनी तोंडानं ते उलूउलू केलं. माझ्या अंगात पांढरा शर्ट, मी स्वतः खळ घालून स्वतः इस्त्री केलेला, रेल्वेत चाळीस तास डब्यात घडी सांभाळलेली. सगळ्या मास्तर-प्रोफेसरांत चौथी शिकलेला मी एकटा, पण शर्ट माझ्यासारखा एकाचा नव्हता, सांगून ठेवतो. आणि तिथं, त्या तीस माणसांत, या माणसानं मला मिठाई खायला घातली. जलभरा म्हणतात. वरनं संदेश, नुसता गोड खवा दिसतो, ताडगोळ्याच्या आकाराचा, आणि आत पातळ गुळाचा पाक कोंडलेला. चावला की पिचकारी. इथनं, कॉलरपासनं, ते इथंपर्यंत, पोटापर्यंत. तपकिरी. आणि सगळे हसले. शिकलेले लोक ते, पोट धरधरून हसले.

काय? — हो, जावयाची करतात ती थट्टा. त्यांची रीतच आहे, नव्या जावयाला खायला द्यायचा आणि मजा बघायची. मग मला कसा आला? — तू वकिलीचं शिकतेस का गं? — आला असेल. ताट आलं, मोठं पितळेचं, मधोमध तो एकच, बाजूला फुलं, आणि ते गेलं यतिनपुढे. वरबाप इथं बसलाय, पांढऱ्या शर्टात, आणि पहिलं ताट पोरापुढे? आपल्यात चालतं का असं? पहिलं ताट कुणाचं? सांग ना तूच. मग मी ओढलं. — हो, मीच ओढलं, त्यात काय! मान काही मागून घ्यायचा असतो का? तो मास्तर धावत आला, दोन्ही हात असे पुढे करून, दादा, ये आपके लिए नहीं है, आपके लिए नहीं है! आता तू सांग, तीस माणसांसमोर, चौथी शिकलेल्या माणसाला असं म्हटल्यावर तो काय करील? मी अख्खा तोंडात घातला आणि करकचून चावला.

उठलो तसाच. हात पण धुतला नाही. रिक्षा, स्टेशन. रेखाला म्हटलं, चल. तो पाठीमागनं चपला न घालता गल्लीच्या टोकापर्यंत आला होता, काहीतरी बंगालीत बोलत. मी नाही बघितलं. होडी राहिली ती राहिलीच. गाडीत रेखाकडे बघतो तर ती खिडकीकडे तोंड करून बसलेली, मला वाटलं रडतेय, तर खांदे हलतायत — अजून हसत होती! तिथं पण सगळ्यात जास्त तीच हसली होती, पदर तोंडात कोंबलेला, तो पण पुरेना. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला तसं हसताना — जाऊ दे. किती वाजले? मोठा काटा चारच्या पुढे. तीन-वीस होऊन गेले म्हणजे.

तर हा शर्ट. चंदननगरहून पार्सलनं आला मिरजेला, महिन्याभरात. चिठ्ठी नाही, काही नाही, नुसता शर्ट. कापड बघ, चिमटीत धर — उत्तम. मी उघडून बघितला आणि परत बांधला. शर्ट म्हणजे माफी नव्हे. माफी तोंडानं मागायची असते. आणि माप बरोबर माझं! इस्त्री ओढून ओढून एक खांदा उतरलेला माझा, दुकानात कधी होत नाही मला, ह्याला बरोबर माप कुणी दिलं? तर आमच्या घरातलीच हेर, रेखा. दर रविवारी मी देवळात गेलो की फोन लावायची त्यांच्याकडे. भाषा येत नव्हती हो तिला! मग काय बोलायचात, विचारलं मी, तर म्हणाली, हसतो. दोन मिनिटं दोन्हीकडनं हसतो आणि ठेवतो.

जुना? तो डागाचा? आहे की, पेटीत आहे, इथंच आणलाय. गुळाचा डाग कोमट पाण्यात पाच मिनिटांत जातो, लाँड्रीवाल्याला तू काय सांगतेस! नाही धुतला. पुरावा म्हणून ठेवला. गेल्या वर्षी लॉकडाऊनमध्ये सुनेला सापडला, मशीनमध्ये टाकणार होती, मी असा ओरडलो की शेजारचा गोरा कुंपणावरनं विचारायला आला, एव्हरीथिंग ऑल राइट, मेट? — पुरावाच म्हणून. दुसरं काय असणार. रेखाला जाऊन दोन वर्षं झाली, तिच्या हसण्याचा दुसरा काही फोटो-बिटो आहे का आमच्याकडे? फोटोत सगळीकडे तोंड मिटून उभी.

दवाखान्यात होती ती शेवटी. सकाळी मला म्हणाली, त्यांच्यावरचा राग सोडा आता. मी म्हटलं सोडला. नव्हता सोडला, पण म्हटलं, तिला बरं वाटेल. बरं वाटलं तिला. चांगली चहा प्यायली, आणि दुपारी गेली. माणूस कशाला तरी अडून राहिलेला असतो गं. तू म्हटलंस की सोडलं, की तो मोकळा. — डॉक्टरांचं मला सांगू नकोस, त्यांचे कोट धुतलेत मी.

आता हे बघ. तो मास्तर अकरा दिवस ऑक्सिजनवर आहे. तिथंच, चंदननगरला. इकडनं भारतात विमान नाही, पारोमिताला जाता येत नाही, गेली तरी परत येऊ देणार नाहीत, असं काहीतरी केलंय सरकारनं. एकुलती एक पोर. बाहेर गाडीत बसलीय बघ, त्या निळ्या, मला वाटतं फोनवर बोलतेय असं नुसतं दाखवते. वॉर्डातली नर्स रोज पाच मिनिटं फोन धरते त्याच्यापुढे. इथले साडेतीन. तेवढीच पाच मिनिटं पोरीला मिळतात बाप बघायला. आणि तो रोज काय विचारतो, तर दादांचा राग गेला का. नाकात नळी, श्वास पुरत नाही, आणि विचारतो काय! तर आज तिनं ती पाच मिनिटं मला दिली. स्वतःची. गाडीतनं उतरताना म्हणाली, बाबा, तुमच्याच फोनवर येईल, हिरवं दाबा, आणि एकदा म्हणा फक्त, राग नाही. एवढंच म्हणा.

म्हणून शर्ट घातला. — सुई टोचायला बाही सैल पडते म्हणून. दोन्हीसाठी.

पण म्हणणार नाही मी ते. तुला पण वाटतंय ना म्हणावं? सुनेला वाटतं, यतिनला वाटतं, सगळ्यांना वाटतं म्हातारा आडमुठा आहे. आहेच. एकदा म्हटलं होतं मी तसं. परत नाही म्हणणार. कळलं का? — नाक पुस आधी, तुझ्या त्या मास्कमध्ये गळतंय सगळं. मी रडलोय का? मग तू कशाला?

वाजला. अजून दोन मिनिटं आहेत साडेतीनला — मास्तर शेवटी, घंटेच्या आधी वर्गात. हिरवं कुठाय? चष्मा गाडीत राहिला, दाब तू. दाबलंस? आता ऊठ. ऊठ म्हणतो ना, माझी चक्कर गेली, तिकडे ती गोरी आजी बघ कशी पिवळी पडलीय, जा, तिला बोलतं ठेव. — हां. हॅलो. दिखता है? शर्ट देखो, कौन सा है. देखा? चुप, बोलने का नहीं, सिर्फ सुनने का. हम गुस्सा है. बहोत गुस्सा. फोन पे माफी नहीं चलेगी. घाट पे खड़ा रह के मांगनी पड़ेगी, फिर होडी में बिठाना पड़ेगा. तब तक किधर जाने का नहीं. सुना क्या, निरुपम घोषाल?