मळ्यातल्या बोरचं पाणी

शिरूरच्या गॅरेजात माझ्या गाडीला वेळ होता. शेजारच्या गाडीचं बॉनेट उघडून मिस्त्री आत वाकला होता. गाडीवाले आप्पा कडेला उभे होते. त्यांची बायको मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती.

"आप्पा, ही क्लिप लई अडचणीत हाय. हात जाईना. आधी बॅटरी काढावी लागंल."

"काढ बाबा, पर लवकर. डायलिसिसला नंबर हाय हिचा. मशीन दुसऱ्याला दिली म्हंजी आजचा दिवस गेला."

"गाडी कवापास्नं गरम होतीय?"

"लई दिस झालं. काटा वर गेला की थांबतो, पाणी वततो आन् निघतो."

"हां, निघाला पाइप. आत बोट घालून बघा."

"हे पांढरं काय रं?"

"क्षार. रेडिएटरच्या नळ्या पार बुजल्यात. कुलंट टाकत न्हाई व्हय?"

"न्हाई. पाणीच टाकतो."

"कुठलं?"

"मळ्यातल्या बोरचं."

"मग त्या पाण्यानंच केलं हे. आप्पा, तुम्ही प्यायला कुठलं पाणी घेता?"

"तू पाइप बसव."

"आवं, काय म्हणतोय त्यो?" मागच्या सीटवरून बाईंनी विचारलं.

"काय न्हाई. गाडी जुनी झालीय म्हणतोय."

"घोटभर पाणी द्या. घसा सुकलाय."

"थांब, दुकानातनं बाटली आणतो."

"इकत कशाला? घरनं भरून आणलीय की."